शेऱ्याचा रकाना

दोधूच्या यंत्राला एक शोधनिबंध तपासायला अकरा मिनिटं लागतात. इंटरनेट रुसलेलं असलं तर सतरा, पण ती दोधू धरत नाही. पडद्यावर एक निळं चक्र गरगरत राहतं आणि त्याखाली अक्षरं येतात, 'तपासणी चालू आहे, कृपया थांबा.' नंदुरबारच्या त्या कॉलेजात थांबा म्हटल्यावर मनापासून थांबणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे दोधू.

त्या अकरा मिनिटांत तो कुठं कुठं जाऊन येतो हे प्राचार्यांना कळलं, तर ते त्याची रजा मांडतील. ग्रंथालयाच्या खिडकीबाहेर कडुनिंब हलतो, लांबून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिटी येते, आणि दोधू धानोऱ्याच्या शेतात पोचलेला असतो. तिथं बाप अजून हयात असतो आणि पाटाला पाणी वळवत असतो. कधी तो तापीच्या पात्रात घोटाभर पाण्यात उभा असतो. समोरून माय येते, तिशीतली, डोक्यावर टोपली घेऊन, पण कितीही चालली तरी ती जवळ पोचत नाही. मग यंत्र 'टिंग' करतं. दोधू डोळे चोळतो, अहवाल छापतो.

यंत्र म्हणायचं एवढंच, आहे ती संगणकातली एक प्रणाली. कॉलेजचा नियम असा, की कुठल्याही प्राध्यापकाचा निबंध बाहेरच्या नियतकालिकाकडे जाण्याआधी दोधूच्या टेबलावरून जायला हवा. कुठला परिच्छेद दुसऱ्याचा उचललाय, कुठला संदर्भ जगात नाहीच, कुठलं छायाचित्र उलटं करून पुन्हा चिकटवलंय, कुठले आकडे खरे वाटत नाहीत, हे सगळं ती प्रणाली हुडकते आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल अहवाल देते. हिरव्यावर दोधू सही करतो. पिवळा दुरुस्तीला परत जातो. लाल समितीपुढे जातो, आणि समितीपुढे गेलेला निबंध सहसा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अहवालाच्या तळाशी एक रकाना असतो, 'तपासणाऱ्याचा शेरा'. समिती आधी तो वाचते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण सात वर्षांत दोधूनं त्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. शेरा मारायला आपण कोण? ग्रंथपालाची जागा रिकामी, म्हणून परिचराला खुर्चीत बसवलेलं. दोन तासांचं प्रशिक्षण आणि झाला तपासनीस, पी हळद अन् हो गोरी.

तसा दोधू स्वतः विज्ञानाच्याच वाटेवर होता. याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लंबकाचा प्रयोग होता. उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात होतंच. दोधूनं त्या उत्तरापासून मागं येत येत घरी बसून वहीभर आकडे भरले. अर्धा वर्ग हेच करायचा, पण परीक्षकांनी उचलली ती नेमकी दोधूची वही. ते म्हणाले, "अरे, लंबकालासुद्धा कधीतरी शिंक येते. तुझ्या लंबकाला एकदाही आली नाही." वर्ग हसला. दोधू त्या दिवशी प्रयोगशाळेतून जो बाहेर पडला तो चार वर्षांनी शिपाई म्हणूनच आत आला. मायला त्यानं एवढंच सांगितलं, की अभ्यास जमला नाही.

माय म्हणजे मंगलाबाई. नवरा गेल्यावर तिनं धानोऱ्याचं शेत चुलत दिराला कसायला दिलं आणि ती लेकाबरोबर नंदुरबारात राहायला आली. दोधूच्या लग्नाच्या बाबतीत गंगेत घोडं काही न्हालं नाही, त्यामुळे घरात दोघंच. हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून माय थंडीचे चार महिने मिरचीच्या पथारीवर जाऊ लागली, त्याला तीस वर्षं झाली. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, तिथं ओली लाल मिरची वाळायला पसरतात. पार क्षितिजापर्यंत जमीन लाल. नवखा माणूस तिथं ठसकून अर्धमेला होतो. मायला ठसका लागत नाही. घरी आल्यावर मात्र तिच्या पदराला असा वास असतो, की दोधूला तेव्हापासून थंडी म्हटली की थंडी आठवत नाही, तो वास आठवतो.

दोन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राच्या रोहिणी मॅडम पथारीवर आल्या. मिरची पसरल्यापासून कितव्या दिवशी पोत्यात भरली तर बुरशी धरत नाही, हे त्यांना आकड्यांत मांडायचं होतं. मैदानाच्या एका कडेला त्यांनी चुन्यानं आठ चौकोन आखले. रोज सकाळी प्रत्येक चौकोनातल्या दहा मिरच्या घ्यायच्या, प्रत्येकीत मीटरची दोन टोकं खुपसायची आणि मीटर दाखवेल तो ओलावा वहीत लिहायचा. हे काम त्यांनी मायला दिलं, कारण चौथी पास झालेली माय आकडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रेखीव काढायची. मॅडम म्हणाल्या, "मावशी, निबंधाच्या शेवटी आभार असतात. तिथं तुमचं नाव छापणार."

मायनं ही गोष्ट गल्लीत कोणाला सांगितली नाही. वही मात्र देव्हाऱ्याशेजारी ठेवली, आणि निबंधाचा कच्चा मसुदा दोधूच्या हाती आला तेव्हा आभाराची ती ओळ त्याच्याकडून तीनदा वाचून घेतली. 'मंगलाबाई, मिरची पथारी, नंदुरबार.' तिसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो निबंध तपासणीला आला. दोधूनं कळ दाबली, चक्र फिरू लागलं. वाऱ्याबरोबर पथारीचा तिखट वास खिडकीतून आत आला आणि दोधू निघाला. ग्रंथालयाची फरशी मिरचीनं झाकली गेली होती. कपाटांच्या मधून माय अनवाणी चालत होती आणि वाकून वाकून मिरच्यांमधून आकडे वेचून ओटीत टाकत होती. ओटी भरत आली होती, आणि दोधूला इतकं बरं वाटत होतं की त्यानं खुर्चीतच पाय वर घेतले.

टिंग. अहवाल लाल.

'तक्ता क्रमांक दोन: एकाच गटातील आकडे अपेक्षेपेक्षा फार एकसारखे. प्रत्यक्ष मोजणीत अशी एकसारखी आकडेवारी मिळणे अत्यंत अवघड. आकडे मोजणीविना भरले असण्याची शक्यता.'

दोधूनं ते तीनदा वाचलं. तक्ता क्रमांक दोन म्हणजे मायची वही. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं यंत्र चुकलं, पण दोधूला तसं वाटेना. गुळगुळीत आकडे कसे तयार होतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? धुक्याची सकाळ, गारठलेली बोटं, म्हातारं शरीर. म्हणाली असेल, कशाला वाकायचं ऐंशी वेळा, कालचे आकडे थोडे कमी करून लिहू. आपण नव्हते लिहिले?

एक पळवाट त्याला माहीत होती. तक्ता चित्र म्हणून चिकटवला की प्रणालीला त्यातले आकडे वाचता येत नाहीत आणि अहवाल हिरवा येतो. दोन प्राध्यापक दरवर्षी तेच करतात, आणि दोधू मुकाट सही करतो. मायच्या नावासाठी एवढं केलं तर कोणाचं काय जाणार होतं? त्याचा हात संगणकाच्या माउसवर गेला. पण मग उरलेलं आयुष्य त्या आभाराच्या ओळीकडे तो कसा पाहणार होता? त्यानं पडदा बंद केला आणि रिक्षा करून पथारी गाठली.

सकाळचं ऊन अजून मऊ होतं. मिरचीवरून वाफ उठावी तसा लाल धुरळा हलत होता आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बाया त्यातून संथ फिरत होत्या. चालताहेत की तरंगताहेत ते कळू नये. दोधूनं नाकाला रुमाल लावला आणि चुन्याचे चौकोन शोधले. निबंध लिहून झाला होता, तरी मायची सवय मोडली नव्हती. ती अजून रोजची वही भरत होती.

"काय रे? कॉलेजना टाईमले?" माय म्हणाली.

"काही नही. तू कसं करस ते देखनं शे."

"देख मंग. पन पायतान काढ."

तो चौकोनाच्या कडेला अनवाणी उभा राहिला. मायनं एक मिरची उचलली, कानाशी नेली आणि दोन बोटांत हलवली. आतलं बी वाजलं असावं, दोधूला काही ऐकू आलं नाही. ती मिरची तिनं डाव्या मुठीत ठेवली. दुसरी उचलली, हलवली आणि परत टाकली. तिसरीही टाकली. चौथी ठेवली. दहा मिरच्या मुठीत यायला तिनं तीसेक तरी उचलल्या असतील, आणि तोवर ती कुठल्याशा गाण्याच्या तालात असावी तशी पुढं मागं झुलत होती. मग उकिडवी बसून तिनं एकेकीत मीटर खुपसलं. अकरा, अकरा, साडेअकरा, अकरा.

"माय, त्या दुसऱ्या काबरं टाकी दिध्यात?"

"वल्या शेतस त्या. बाकीनास्मा मिळतस नही."

"मॅडमनी तं सांगेल व्हतं, कोन्याबी दहा."

मायनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेल्या माणसाच्या अडाणीपणाकडे पाहतात. "नमुना कोन्याबी कसा व्हई? नमुना दखाडना तं एकजात दखाडना पडस. नही तं लोके म्हनतीन, हाई बाईले मिरची समजस नही."

दोधू तिच्यासमोर उकिडवा बसला. तीस वर्षं व्यापाऱ्यापुढे मिरचीची मूठ धरताना पथारीवरच्या बायका हेच करत आल्या होत्या. मूठ एकजात हवी, तीच निवडणारीची अब्रू. मॅडमनी नमुना आणायला सांगितलं आणि मायनं आयुष्यातला सगळ्यात चोख नमुना आणला, रोज, चाळीस दिवस. मिरची ओली होती तेव्हा बोटानं दाबून आणि वाजू लागल्यावर कानानं. एकही आकडा खोटा नव्हता. यंत्रही खोटं नव्हतं. खोटा ठरला होता तो एकटा दोधू, ज्यानं रिक्षात बसेपर्यंत मायला चोर ठरवून टाकलं होतं.

"आते सांग, तू काबरं उना?" माय म्हणाली.

त्याला खोटं बोलता आलं नाही. "मशीन म्हनी ऱ्हायनी, ह्या आकडा घर बठीसन लिखेल शेतस."

"अन् तुले काय वाटनं?"

दोधूनं तिला लंबकाची गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षं दडवलेली गोष्ट, मिरचीच्या धुरळ्यात बसून, नाकाला रुमाल लावून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मिरचीमुळंच आहे असं समजायची सोय होती. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग हातातल्या दहा मिरच्या एकेक करून परत चौकोनात टाकल्या.

"मंग तुले वाटनं, मायबी तुन्हासारखीच," ती म्हणाली.

"हा," दोधू म्हणाला.

माय उठली आणि पुढच्या चौकोनाकडे गेली. त्या आठवड्यात तिनं त्याला वेळेवर भाकरी वाढली, पाणी दिलं, पण बोलली नाही. नंतर बोलू लागली, पण तो विषय तिनं काढला नाही. दोधूला तेच जास्त बोचत राहिलं. देव्हाऱ्याशेजारची वही तिनं उचलून फडताळात टाकली होती.

रोहिणी मॅडमना त्यानं लाल अहवाल दिला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "दोधूभाऊ, सोळाव्या दिवशी पोती भरा, असं लिहिलं होतं मी. ओल्या मिरच्या तर मावशींनी बाजूलाच काढल्या होत्या. लोकांनी माझं ऐकलं असतं तर पोतीच्या पोती काळी पडली असती."

एक ओली मिरची अख्खं पोतं नासवते, हे पथारीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तेवढं निबंधातून गळालं होतं.

मॅडमनी निबंध मागं घेतला. जाता जाता त्या दारात थबकल्या आणि अहवाल पुन्हा उघडून पाहू लागल्या. "इतकं एकसारखं मिळणं अत्यंत अवघड, असं म्हणतंय हे. पण मावशींनी तर मिळवलंय."

रविवारी त्या घरी आल्या. मायनं चहा दिला, पण चेहरा बंद ठेवला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, चूक माझी. मी नमुना म्हणाले. मला नमुना नको होता, जशी असेल तशी मिरची हवी होती. आता पुढच्या हंगामात दोन वह्या करू. एकीत तुम्ही निवडलेल्या. दुसरीत पाठ फिरवून खडा फेकायचा, तो जिथं पडेल तिथली उचलायची."

"फटकी निंघनी तरी?" मायनं विचारलं. फटकी म्हणजे पांढरी पडलेली, रंग गेलेली मिरची.

"तरी लिहायची."

"वली निंघनी तरी?"

"तरी."

मायला ते पटलं नाही, पण अंगावर घेतलेलं काम तिनं आतापर्यंत अर्धवट टाकलं नव्हतं. पुढच्या थंडीत पथारीवर तिचे खडे पडू लागले. ओली, फटकी, चिमलेली अशी मिरची हातात आली की ती आधी इकडं तिकडं बघायची आणि मग कोणी पाहत नाही अशा बेतानं आकडा लिहायची. दोधू रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी तिच्याबरोबर जाऊ लागला. तो मीटर धरायचा, ती लिहायची. बोलणं कामापुरतंच. धुक्यातून आठ चौकोन हळूहळू उजळायचे आणि माय एक मिरची कानाशी नेऊन डोळे मिटायची. त्या क्षणी दोधूला वाटायचं, तिला त्या बियांतून आणखी काहीतरी ऐकू येत असावं. कदाचित धानोऱ्याचं पाणी पाटातून वळतंय ते. त्यानं कधी विचारलं नाही. पण चौथ्या की पाचव्या आठवड्यात मायनं न बोलता एक मिरची त्याच्या कानाशी नेली आणि हलवली. या वेळी त्याला ऐकू आलं.

हंगाम संपला. खडा टाकून घेतलेल्या मिरच्यांनी सांगितलं, की पोती भरायची ती बावीस दिवसांआधी नाही. आणि निवडलेल्या मिरच्यांचा मॅडमनी वेगळा तक्ता केला. निव्वळ बोटानं आणि कानानं वेचलेल्या मिरच्यांचा ओलावा मीटरवर जवळजवळ एकच येतो, हे दाखवणारा तो तक्ता. मॅडमच्या मते निबंधाचा जीव त्यातच होता.

निबंध तपासणीला आला त्या दिवशी दोधू मायला घेऊन कॉलेजात गेला. ग्रंथालयात ती पहिल्यांदाच येत होती. चपला दाराबाहेर काढून ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली आणि चक्र फिरू लागलं.

"कितला टाईम?"

"अकरा मिनिटं."

माय पदर सावरून बसली. कडुनिंब हलला. गाडीची शिटी आली. दोधू सवयीनं तापीच्या पात्रात पोचला, पाणी घोटाभर, आणि समोरून माय येत होती. पण या वेळी ती चालत चालत थेट त्याच्यापर्यंत आली, तिशीतली नव्हे, आजची, आणि तिच्या पदराचा वास खरोखरचा होता. त्यानं डोळे उघडले. ती शेजारीच बसली होती.

टिंग. सगळा निबंध हिरवा, आणि मधला एक तक्ता लालभडक. वाक्य गेल्या वर्षीचंच होतं. आकडे मोजणीविना भरले असण्याची शक्यता.

"लाल काबरं?" माय म्हणाली. पथारीवर लाल चांगला असतो, पण इथं तो चांगला नाही, हे तिला लेकाच्या चेहऱ्यावरून कळलं. ती खुर्चीच्या कडेला सरकून उठायला लागली.

"बठ," दोधू म्हणाला.

त्यानं अहवाल छापला, तळाच्या रकान्यापाशी बोट ठेवलं आणि पेन उघडलं. लेक मायच्या बाजूनं लिहितोय म्हटल्यावर समिती हसेल, हे त्याला दिसत होतं. लपवलं तर हसणार नाही. पण लपवाछपवीचं पीक त्यानं सत्तावीस वर्षं काढलं होतं, आता पुरे. सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढत त्यानं लिहिलं:

'मी चाळीस दिवस शेजारी उभा राहून पाहिलं आहे. प्रत्येक मिरची मोजली आहे. आकडे एकसारखे आहेत कारण निवडणारीचा कान तसा आहे. आकडे खरे आहेत. निवडणारी बाई माझी आई आहे, हे सांगून सही करतो.'

मायनं कागद स्वतःकडे ओढला. बोट फिरवत, ओठ हलवत तिनं सगळं वाचलं. 'आकडे खरे आहेत' या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग ते पुढं सरकलं आणि शेवटच्या ओळीवर आलं.

"आई कोन?" ती म्हणाली. "माय लिख."

दोधूनं 'आई' खोडलं, वर 'माय' लिहिलं आणि सही केली.